44 लाखांचं पॅकेज, हातात सव्वा लाख: मोठ्या टेक कंपनीतली नोकरी आतून असते तरी कशी?

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे फोटो येऊ लागतात. शाल, पुष्पगुच्छ, मधोमध लाजलेला मुलगा किंवा मुलगी, शेजारी अब्बा-अम्मी, मागे मोहल्ल्यातले मान्यवर आणि खाली एक ओळ: अमुक कंपनीत इतक्या लाखांचं पॅकेज. बातमी आनंदाचीच असते आणि आम्ही ती आनंदानेच लावतो. पण या फोटोत एक गोष्ट कायम राहून जाते. मुलगा तिथे जाऊन नेमकं करणार काय, हे कुणी विचारत नाही. आकडा विचारतात, शहर विचारतात, 'फॉरेनला कधी जाणार' हेही विचारतात. कामाबद्दल मात्र 'कॉम्प्युटरवर असतो' एवढ्यावर भागतं.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं की त्या एका आकड्याच्या भरवशावर घरात मोठमोठे निर्णय होतात. बहिणीच्या निकाहाची तारीख ठरते, फ्लॅटचं बुकिंग होतं, अब्बा दुकान बंद करायचा विचार करू लागतात. म्हणून हा आकडा उघडून बघायचा आणि त्याच्यामागची नोकरीही बघायची, असं आम्ही ठरवलं.

आकडा आधी फोडूया

समजा, ऑफर लेटरवर 44 लाख लिहिलंय. बाराने भागलं की महिन्याला 3 लाख 66 हजार होतात. शेजारीपाजारी हाच हिशेब करतात. आता त्या 44 लाखांचे तुकडे बघा. उदाहरण आमचं आहे, पण अशा ऑफरची ठेवण साधारण अशीच असते.

त्यात 19 लाख हा वर्षाचा ठरलेला पगार. 2 लाख बोनस, तोही वर्षअखेरीस कामगिरी चांगली ठरली तर. 3 लाख जॉइनिंग बोनस, जो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो. उरलेले 20 लाख म्हणजे कंपनीचे शेअर, आणि ते चार वर्षांत मिळून 20 लाखांचे. म्हणजे एका वर्षाचं म्हणून सांगितलेल्या आकड्यात चार वर्षांची एक रक्कम बसवलेली असते. खोटं कुणी बोललेलं नसतं, फक्त बेरीज अशी मांडलेली असते की ऐकणाऱ्याने आपली समजूत आपणच करून घ्यावी.

आता 19 लाखांकडे या. याला सीटीसी म्हणतात, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही असते. मूळ पगार म्हणजे बेसिक साडेनऊ लाख धरला तर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 1 लाख 14 हजार आणि ग्रॅच्युइटी सुमारे 46 हजार. तेवढाच पीएफ पुन्हा मुलाच्या पगारातून कापला जातो. वर आयकर. 2025-26 च्या नव्या करप्रणालीच्या दराने तो एक लाख अडतीस हजारांच्या आसपास जातो. सगळं वजा करून महिन्याला खात्यावर येतात सुमारे 1 लाख 23 हजार.

सव्वा लाख ही लहान रक्कम नाही. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलासाठी तर नाहीच. देशातल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये नवख्या मुलांचा वर्षाचा पगार गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेला आहे, त्यासमोर हे पुष्कळच आहे. पण घर सव्वा लाखावर चालतं, 3 लाख 66 हजारांवर नाही. फ्लॅटचा हप्ता ठरवताना कुठला आकडा डोक्यात होता, त्यावर सगळं अवलंबून असतं.

शेअर: मालकी कधी येते, जकात कधी लागते

हा भाग थोडा किचकट आहे. तो नीट समजावून सांगणारं मराठीत फार कुणी लिहीत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

कंपनी जे शेअर देते त्यांना आरएसयू म्हणतात. पहिल्या दिवशी मिळतं ते फक्त वचन. नोकरीत टिकलात तर ठरलेल्या तारखांना त्यातले थोडे थोडे शेअर तुमच्या नावावर होतात. या नावावर होण्याला व्हेस्टिंग म्हणतात. बऱ्याच कंपन्यांत पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच मिळत नाही आणि त्यानंतर दर तिमाहीला मिळत राहतं. ॲमेझॉनची पद्धत वर्षानुवर्षं वेगळी राहिली आहे: पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15 आणि उरलेले 80 टक्के शेवटच्या दोन वर्षांत. दोन वर्षांनी नोकरी सुटली तर जाहीर केलेल्या शेअरांपैकी पाचवा हिस्साच हाती लागतो.

भाव हीही एक गोष्ट आहेच. मेटा, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपवाली कंपनी, तिचा शेअर 2022 या एका वर्षात सुमारे 64 टक्के उतरला आणि पुढच्या वर्षी जवळपास तिप्पट झाला. ज्यांनी 2021 च्या भावाने घरखर्चाचं गणित मांडलं होतं त्यांना 2022 जड गेलं असणार, हे सांगायला नको.

शेअर नावावर झाले त्या दिवशी त्यांची किंमत पगार धरून त्यावर आयकर लागतो. कंपनी बहुधा काही शेअर तिथल्या तिथे विकून किंवा राखून तो कर भरते. म्हणून 100 शेअर व्हेस्ट झाले तरी खात्यात 70 च्या आसपासच दिसतात. पुढे विकताना भाव वाढलेला असेल तर त्या वाढीवर पुन्हा कर. शिवाय अमेरिकेतल्या कंपनीचे शेअर ही परदेशी मालमत्ता असल्याने ते आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, मग विकलेले असोत की नसोत. पगारदार मुलं हे विसरतात आणि मग नोटीस आली की धावपळ. पहिल्या वर्षी तरी चांगल्या सीएकडे जावं, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

आता शरीयतची बाजू. व्हेस्ट न झालेल्या शेअरवर मालकीच नसते. मालकी नाही तर जकातही नाही, इथवर सरळ आहे. व्हेस्ट झालेले शेअर मात्र तुमच्या मिल्कियतीत आले. ते विकून नफा घ्यायच्या नियतीने ठेवले असतील तर जकातीच्या तारखेला जो बाजारभाव असेल त्या पूर्ण रकमेवर अडीच टक्के. वर्षानुवर्षं ठेवायच्या नियतीने असतील तर आजच्या अनेक उलमांच्या मते कंपनीची रोकड, माल, येणी असा जो जकातपात्र हिस्सा, त्याच्या प्रमाणातच जकात. निसाब 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी, त्यामुळे हे शेअर असलेला जवळपास प्रत्येक जण साहिब-ए-निसाब ठरतोच. कोकणातले शाफई असोत की मराठवाड्यातले हनफी, आपापल्या मुफ्तींकडून हिशेब एकदा तपासून घ्यावा. पण जाताना ऑफर लेटर आणि शेअरच्या खात्याचा उतारा सोबत न्या, नाहीतर मुफ्तीसाहेब तरी काय सांगणार!

शेअर घेणंच जायज आहे का, हाही प्रश्न येतो. इस्लामी अर्थव्यवहाराचे मापदंड ठरवणाऱ्या बहरीनच्या आओफी या संस्थेची कसोटी बरीच वापरली जाते: कंपनीचा मूळ धंदा हलाल हवा, व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांच्या आत हवं, व्याजावर ठेवलेल्या रकमेलाही तीच मर्यादा, आणि नाजायज उत्पन्न 5 टक्क्यांच्या आत. त्या 5 टक्क्यांच्या आतलाही जो हिस्सा तुमच्या वाट्याला येतो तो सवाबची नियत न ठेवता देऊन टाकायचा. पीएफवरच्या व्याजाबद्दलही घरोघरी वाद होतो. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवर मिळणारी वाढ ही मजुरीचाच भाग आहे, असं भारतातल्या अनेक उलमांचं म्हणणं आहे. आपण स्वतःहून जास्तीचा पीएफ कापायला लावला तर मात्र त्यांचा सूर बदलतो.

वारशाबद्दल दोन ओळी, कारण ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. अमेरिकी कंपनीचे शेअर नावावर असताना भारतातल्या माणसाचं निधन झालं आणि अमेरिकेतल्या अशा मालमत्तेची किंमत 60 हजार डॉलरच्या वर असली, तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा वारसाकर लागतो आणि तो 40 टक्क्यांपर्यंत जातो. शेअर साठवत राहणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवलेलं बरं. वारसांच्या हिश्श्यांची वाटणी त्यानंतरच सुरू होते.

दिवसभर करतात काय?

सिनेमात दाखवतात तसं अंधाऱ्या खोलीत खटाखट टाइप करणं, हे काम नाही. मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरच्या दिवसातला नवा कोड लिहिण्याचा वेळ लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. दुसऱ्याने पाच-सात वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा, तो असा का लिहिला ते शोधायचं, त्यात चार ओळींचा बदल करायचा आणि त्या चार ओळींनी बाकीचं काही मोडत नाही हे सिद्ध करायचं, यात दिवस जातो. जुन्या वाड्याची वायरिंग बदलणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारा, तो हेच सांगेल. नवी वायर ओढणं सोपं असतं, भिंतीतली जुनी कुठून कुठे गेलीय ते कळणं अवघड.

काम सुरू होण्याआधी लिखाण असतं. काय बनवायचंय, कसं बनवायचंय, दुसरा मार्ग का नाही घेतला, यावर पाच-दहा पानांचं टिपण लिहावं लागतं आणि सहकारी त्यावर प्रश्नांचा भडिमार करतात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. त्याऐवजी सहा पानांचं निवेदन, आणि बैठकीची सुरुवात सगळ्यांनी ते शांतपणे वाचण्याने. नंतर कोड लिहिला की तो दुसऱ्या इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आपल्या कॉलेजात चूक दाखवली की अपमान वाटतो, इथे रोज दहा-वीस चुका लेखी दाखवल्या जातात आणि संध्याकाळी तीच माणसं एकत्र चहा घेतात. नव्या मुलाला हे पचायला काही महिने लागतात.

आणि ऑन-कॉल. प्रत्येक टीममध्ये आळीपाळीने एकेका आठवड्याची ड्युटी असते. त्या आठवड्यात यंत्रणेत कुठे गडबड झाली की फोन वाजणार, मग रात्रीचे तीन असोत की सहेरीची वेळ. काही मिनिटांत लॅपटॉप उघडून बसावं लागतं. ही जबाबदारी किती मोठी असते ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. 4 ऑक्टोबर 2021 ला, आपल्याकडे रात्री सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडलं आणि सुमारे सहा तास बंद राहिलं. बऱ्याच जणांनी आपलाच रिचार्ज संपला की काय म्हणून बघितलं होतं! कंपनीने नंतर कारण सांगितलं ते असं: नेहमीच्या देखभालीत एक कमांड दिली गेली, तिने डेटा सेंटरांना जोडणारं अख्खं जाळंच तोडलं. अशी चुकीची कमांड अडवण्यासाठी एक तपासणी प्रोग्राम होता, त्यातच दोष निघाला. दुरुस्तीला लागणारी आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालत असल्याने तीही बंद. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत जाण्यातही वेळ गेला.

असं काही घडलं की नंतर लेखी पंचनामा होतो. चांगल्या कंपन्यांत त्यात माणसाचं नाव घेऊन दोष देत नाहीत. एका माणसाच्या एका चुकीने एवढं मोडू शकलं तर यंत्रणेतच भोक होतं, ते कुठलं, हे शोधतात. ही पद्धत आपल्या शाळांच्या, संस्थांच्या कमिट्यांनीही उचलावी असं आम्हाला वाटतं. पण तो विषय वेगळा.

मग आपली मुलं अडतात कुठे?

सत्काराच्या भाषणात अल-ख्वारिझ्मीचं नाव निघतंच. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे खरंही आहे. पण मुलाखतीत समोरचा माणूस त्याचे मार्क देत नाही.

मुलाखतीचा साचा ठरलेला आहे. पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच फेऱ्या, प्रत्येकीत एक-दोन कोडी, ती सोडवताना मोठ्याने बोलत राहायचं. उत्तर आलं का, यापेक्षा उत्तरापर्यंत कसे पोहोचलात हे बघतात. सहा महिने ते वर्षभर रोज दोन तास सराव केला तर साबू सिद्दीक, पनवेलचं काळसेकर, मालेगावचं मन्सूरा किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही कॉलेजातलं मूल या कोड्यांपर्यंत पोहोचू शकतं. सरावाचं बरंचसं साहित्य इंटरनेटवर फुकट आहे.

अडचण पुढे येते, ती बोलण्या-लिहिण्याची. भिवंडी-मालेगावच्या उर्दू माध्यमातून किंवा बीड-परभणीच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं गणित कच्चं नसतं. त्याला 'मला हे समजलं नाही, पुन्हा सांगा' हे इंग्रजीत, वरिष्ठासमोर, दहा लोकांच्या बैठकीत म्हणता येत नाही. घरात आणि मदरशात 'बड्यांसमोर गप्प बसावं' हे अदब म्हणून शिकवलेलं असतं. ती शिकवण आपल्या जागी ठीकच आहे. पण इथे गप्प बसणाऱ्याला दोन महिन्यांनी 'याला काम समजत नाही' असा शेरा मिळतो. बढती मागतानाही तेच. आपण काय केलं ते स्वतः लिहून मांडावं लागतं आणि आपल्या मुला-मुलींना, मुलींना जरा जास्तच, ते बढाई मारल्यासारखं वाटतं.

यावर एक इलाज आम्हाला पटतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून दर आठवड्याला एक पान साध्या इंग्रजीत लिहायचं: या आठवड्यात काय बनवलं, कुठे अडलो, कसा सुटलो. व्याकरण चुकलं तरी चालेल. तीन वर्षांत दीडशे पानं होतील आणि मुलाखतीत बोलायला शब्द शोधावे लागणार नाहीत. लाखभर रुपयांच्या क्लासपेक्षा हे बरं.

संधी फक्त दोन-चार नावाजलेल्या कंपन्यांतच असते असंही नाही. परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःची केंद्रं काढली आहेत. नॅसकॉमच्या 2024 च्या अहवालात ती 1,700 च्या वर आणि त्यातली माणसं 19 लाख मोजली आहेत. बंगळुरू, हैदराबादपाठोपाठ पुण्यातही ती पुष्कळ आहेत. बँका, औषध कंपन्या, गाड्यांच्या कंपन्या, सगळ्यांना इंजिनिअर लागतात. मात्र सुरुवातीच्या जागा आता पूर्वीइतक्या सहज मिळत नाहीत. गुगलमधला पावपेक्षा जास्त नवा कोड एआय लिहितं आणि इंजिनिअर तो तपासून मंजूर करतात, असं सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर 2024 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक पकडता येणं, हे कसब आता पहिल्या दिवसापासून लागणार.

जुमा, रमजान आणि सिअॅटलची सकाळ

पालकांचा हमखास प्रश्न: नमाज पढू देतात का? बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, कारण कामाचे तास कुणी घड्याळ लावून मोजत नाही. जोहरला पंधरा मिनिटं उठून गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. जुम्यासाठी आपल्या कॅलेंडरवर दुपारी एक ते अडीच दर शुक्रवारची वेळ राखून ठेवायची, मग त्या वेळात कुणी बैठक लावत नाही. लपूनछपून जाण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला सरळ सांगून टाकलेलं चांगलं.

खरी ओढाताण रमजानमध्ये होते, आणि तिचं कारण पृथ्वी गोल असणं हे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे सिअॅटल-कॅलिफोर्नियात सकाळचे सात-आठ. तिकडची माणसं तेव्हा कामाला बसतात आणि आपल्याकडे तरावीहची जमात उभी राहते. महिनाभर आधी सांगितलं तर टीम बैठकीच्या वेळा हलवते, ऑन-कॉलचा आठवडाही बिगरमुस्लिम सहकाऱ्याशी बदलून घेता येतो. बदल्यात दिवाळीचा आठवडा आपण घ्यायचा, हा व्यवहार अनेक ऑफिसांत बिनबोभाट चालतो. ईदची सुट्टी मात्र अवघड प्रकरण. 'चाँद दिसला तर उद्या, नाहीतर परवा' हे अमेरिकेतल्या मॅनेजरला समजावणं कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा कठीण आहे. दोन्ही दिवस टाकून ठेवावेत आणि एक नंतर रद्द करावा.

ऑफिसजवळ भाड्याचं खोली-घर शोधताना नाव सांगितल्यावर 'कालच दिली' असं ऐकायला मिळतं, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा. म्हणून तर पुण्यात नोकरी खराडीला आणि खोली कोंढव्याला, असं चित्र दिसतं.

रोजी हलाल, पण काम कुणाच्या कामी येतंय?

गेल्या काही वर्षांत तरुण इंजिनिअर हा प्रश्न अब्बांपेक्षा जास्त विचारू लागले आहेत. त्याला कारण आहे.

2018 मध्ये गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या करून अमेरिकी सैन्याच्या प्रोजेक्ट मेव्हनला विरोध केला. ड्रोनमधून घेतलेली चित्रं एआयने तपासण्याचं ते काम होतं. कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. 2021 मध्ये गुगल आणि ॲमेझॉनने इस्रायल सरकारबरोबर प्रोजेक्ट निंबस हा 1.2 अब्ज डॉलरचा क्लाउड करार केला. एप्रिल 2024 मध्ये त्याविरोधात न्यूयॉर्क आणि सनीवेलच्या ऑफिसांत ठिय्या देणाऱ्या आणि त्यात सामील ठरवलेल्या सुमारे 50 जणांना गुगलने कामावरून काढलं. एप्रिल 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पन्नासाव्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात इब्तिहाल अबूसआद या मोरोक्कन वंशाच्या इंजिनिअर मुलीने उभं राहून गाझाबद्दल जाब विचारला. तिची नोकरी गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पॅलेस्टिनींच्या फोनवरील पाळतीबद्दलच्या बातमीनंतर, मायक्रोसॉफ्टने इस्रायलच्या संरक्षण खात्यातल्या एका युनिटच्या काही सेवा बंद केल्या.

विरोधाने काहीच होत नाही असं म्हणता येत नाही आणि त्याची किंमत पडत नाही असंही नाही. 2018 आणि 2024 या सहा वर्षांत कंपन्यांची सहनशक्ती कमी झाली, हे मात्र स्पष्ट दिसतं. आपल्या मुलांना आम्ही कुणाच्या भाषणात उठून उभं राहा असं सांगणार नाही. घरचा हप्ता त्याच्या पगारावर चालतो त्याला बाहेरून शौर्य शिकवणं सोपं असतं. पण या कंपन्यांत टीम निवडता येते, बदलताही येते. नकाशाचं ॲप, आजारांचं निदान, मराठी-उर्दूसाठी भाषांतर, अपंगांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं, अशी कितीतरी कामं त्याच इमारतीत चालू असतात. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं विचारतात तेव्हा ही टीम जे बनवते ते कोण वापरतं, हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. उलट तो विचारणारा उमेदवार नजरेत भरतो.

नोकरी जाते तेव्हा

नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11 हजार माणसं कमी केली. जानेवारी 2023 मध्ये गुगलने 12 हजार, मायक्रोसॉफ्टने 10 हजार, ॲमेझॉनने 18 हजार कपात जाहीर केली. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने मे आणि जुलैमध्ये मिळून पुन्हा सुमारे 15 हजार, आणि जिथली नोकरी सरकारी नोकरीसारखी मानली जायची त्या टीसीएसनेही 12 हजारांच्या आसपास जागा कमी करत असल्याचं सांगितलं. यांतल्या अनेकांचं काम वाईट नव्हतं, त्यांचा विभागच नको झाला होता. सकाळी लॅपटॉप उघडत नाही, मग वैयक्तिक ईमेलवर पत्र दिसतं, असा अनुभव अमेरिकेत अनेकांनी जाहीर सांगितला.

अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यावर 60 दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडण्याची तयारी करावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून नव्याने आणायच्या माणसासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचं शुल्कही लावलं गेलं. 'फॉरेनला कधी' या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच आता लांबलंय.

इथे राहणाऱ्याची अडचण वेगळी असते. पॅकेज बघून बँका स्वतःहून फोन करतात आणि चाळीस लाखांचं, साठ लाखांचं गृहकर्ज देऊ करतात. व्याजाचा मसला बाजूला ठेवला तरी 1 लाख 23 हजारांतून 55 हजार हप्ता गेला तर घराला आणि गावाला मिळून किती उरतात, हे कागदावर मांडून बघा. पहिली दोन वर्षं भाड्याने राहावं आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेअर मिळाले की त्यातूनच हा साठा करावा.

आणि अब्बा-अम्मींच्या दवाखान्याचं बघा. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडिलांची नावं घालता येतात, त्यामुळे वेगळी पॉलिसी कुणी काढत नाही. नोकरी सुटली की ते संरक्षण साधारण शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. त्या वयात नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या शुगर, बीपी, हृदयविकाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमात आहे. पण तो अर्ज नोकरी चालू असताना किंवा सुटताच करावा लागतो. एचआरला विचारून त्याची मुदत आजच लिहून ठेवा, ऑफर लेटरच्याच फाइलमध्ये.